घरात सापडलेली बंदूक आणि कायदा

वडीलधाऱ्यांच्या पश्चात गावचे घर आवरताना काय काय हाती लागते, हे आमच्या मंडळाच्या सभासदांना सांगायला नको. जुने सातबारे, गिरणीतल्या नोकरीचे कागद, कळकलेली पितळी भांडी, कोणाला तरी दिलेल्या उसनवारीच्या चिठ्ठ्या. आमचे थोरले चुलते वारले, त्यानंतर २०२३ सालच्या मे महिन्यात पावसाआधी कौले चाळायची म्हणून आम्ही कोकणातल्या घराचा माळा रिकामा करीत होतो. तेथे गोणपाटात गुंडाळलेली एक ठासणीची बंदूक सापडली. सोबत पत्र्याच्या डब्यात काळी दारू, मूठभर छर्रे आणि केपांची एक डबी होती. परवान्याचा कागद मात्र सबंध घर धुंडाळूनही मिळाला नाही.

मंडळातील दोघा-तिघांनी पुढे आम्हास खाजगीत विचारले की, "असे काही निघाले तर नेमके करायचे काय?" म्हणून हा लेख. आम्ही वकील नाही. बँकेत खातेवह्या सांभाळणारे कारकून आहोत. परंतु त्या आठ दिवसांत जे वाचले, विचारले आणि केले ते इतरांच्या उपयोगी पडावे.

प्रथम त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली पाहिजे. पडवीत बसून प्रत्येकजण आपापले मत देत होता. एक भाऊ म्हणाला, "रात्री खाडीत टाकून देऊ, विषय संपला." दुसऱ्याचे म्हणणे, डुकरे भात ठेवत नाहीत, वानरे नारळ ठेवत नाहीत, मग असू दे की घरात. शेजारच्या आजोबांनी समजूत घातली की इतकी वर्षे होती तर कोणाला कळले? आमचा पुतण्या त्या वेळी पोलीस भरतीची तयारी करीत होता. तो एक शब्द बोलला नाही. आणि काकी उंबऱ्यापाशी बसून होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ते मला सांगत, माळ्यावर जाऊ नकोस. मी कधी गेले नाही." घर आता त्यांच्या ताब्यात होते. म्हणजे कायद्याने पहिला प्रश्न विचारला जाणार तो काकींना, हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात बंदुकीचा कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. त्याआधी इंग्रजांचा १८७८ चा कायदा होता; १८५७ च्या उठावानंतर प्रजेच्या हाती हत्यार राहू नये हे त्यामागचे धोरण. सध्याच्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा मिळविणे, जवळ बाळगणे किंवा घेऊन फिरणे हा गुन्हा आहे. दारूगोळाही त्यात आला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रवासाच्या बॅगेत राहून गेलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर अडकलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतोच. शिक्षा पूर्वी १ ते ३ वर्षे होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती साध्या बंदुकीसाठी किमान २ व कमाल ५ वर्षे कैद आणि दंड अशी झाली. लष्करी बनावटीच्या, प्रतिबंधित हत्याराला तर याहून पुष्कळ कडक शिक्षा आहे.

कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवाना देण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्यामुळेच घोटाळा होतो. आजोबांच्या नावे परवाना होता, तो नूतनीकरणावाचून राहिला, आजोबा गेले, बंदूक मात्र खुंटीवरून माळ्यावर गेली. घरच्यांच्या मनात ती "परवान्याची बंदूक" असते. वास्तविक परवाना हा माणसाला मिळतो, बंदुकीला नव्हे. आमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर, खातेदार वारला की ठेवीची रक्कम वारसाला मिळते, पण त्याची सही वारसाला करता येत नाही. बंदुकीचे तसेच आहे. वस्तू वारसाने येईल. ती जवळ ठेवण्याचा अधिकार वारसाने येत नाही.

मग ज्याला काहीच माहीत नव्हते त्यालाही शिक्षा होते काय? नाही. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे. वस्तू आपल्यापाशी आहे याचे ज्ञान हवे. परंतु त्याच निकालात असेही आहे की ती हातातच असावी लागते असे नाही, तिच्यावर आपला अधिकार चालत असला म्हणजे पुरे. या दोन वाक्यांतच सारा प्रश्न सामावला आहे असे आमचे मत झाले. गोणपाट सोडेपर्यंत आम्ही अजाण होतो. गोणपाट सोडल्या क्षणापासून आम्ही जाणते झालो. त्यानंतर जो दिवस गप्प राहण्यात जाईल त्याचा हिशेब आपल्याच खाती पडतो. शिवाय कलम ३६ प्रमाणे या कायद्याखालील गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्याला कळवावी, असे बंधन आहे.

खाडीत टाकण्याचा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. पण गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणे हाच वेगळा गुन्हा आहे. पूर्वी तो दंडविधानाच्या कलम २०१ मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ मध्ये आहे. शिवाय ओहोटीला ती कोणाच्या पोराच्या हाती लागेल हे कोण सांगणार? पुरणे, विकणे, ओळखीच्या माणसाला "ठेवायला" देणे, हे सगळे प्रकार त्याच पंक्तीतले.

बंदूक दिसताच आम्ही एक चूक केली, ती आवर्जून सांगतो. एका भाच्याने ती उचलून चाप चाचपून पाहिला. ठासणीच्या बंदुकीत भरलेली दारू बाहेरून दिसत नाही आणि कोरडी राहिली तर अनेक वर्षांनीही पेट घेते. नळीत वाकून पाहणे, घोडा ओढणे, गज घालून तपासणे यातले काहीही करू नये. काळी दारू ठिणगीने, नुसत्या घर्षणानेही पेटते. तो डबा हलवू नये, जवळ विडी-काडी नको, चूल नको. पोरांना बाहेर काढून माळ्याची शिडी काढून ठेवणे, एवढेच आपले काम. त्या रात्री आम्ही तेच केले आणि सगळे पडवीत निजलो. झोप कोणाला लागली नाही हे निराळे.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन वकिलांना भेटलो. पोलिसांत जाण्यापूर्वी वकिलाला गाठावे, असे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण बिनपरवाना हत्यार स्वतःहून आणून दिले म्हणून माफी मिळतेच, अशी तरतूद कायद्यात नाही. संरक्षण आहे ते एवढेच की कलम ३ च्या गुन्ह्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी घेतल्यावाचून खटला चालविता येत नाही. तेथे आपली तत्परता आणि कागद उपयोगी पडतात. फीची अडचण असेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच सर्व स्त्रियांना, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून अनुसूचित जातींतील बौद्धांचाही त्यात समावेश आहे. फोन १५१०० या क्रमांकावर करता येतो. आमच्या माणसांना हे माहीत नसते आणि ती उगाच ओळखीच्या पुढाऱ्याकडे धावतात.

वकिलांनी काकींना एकच गोष्ट बजावली. जे पाहिले, जे ऐकले, तेवढेच सांगा; "बहुतेक आजोबांची असेल" असे अंदाज सांगू नका. मग त्यांनी अर्ज लिहून दिला. त्यात चुलत्यांच्या मृत्यूची तारीख व दाखल्याची प्रत, वस्तू कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या समक्ष, घरात कोठे सापडली, ती आजही तेथेच असून कोणी वापरलेली नाही, आणि पोलिसांनी येऊन ती ताब्यात घ्यावी, इतकेच होते. भाच्याने हात लावला होता तेही स्पष्ट लिहिले. पुतण्याला वाटत होते की बंदूक रिक्षात घालून ठाण्यावर नेऊन द्यावी. वकिलांनी त्याला थांबविले. घेऊन फिरणे हाही गुन्ह्याचाच भाग आहे. वाटेत नाकाबंदीत कोणी अडवले तर आपण ती जमा करायला निघालो होतो हे कसे पटविणार? माणसाने कागद घेऊन जावे, वस्तू जागेवर राहू द्यावी.

अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर शिक्का, तारीख व सही घेतली. इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्ही एवढे शिकलो आहोत की पोच नसलेला अर्ज हा न दिलेला अर्ज असतो. ठाणे अंमलदार प्रथम म्हणाले, "राहू द्या, माणूस पाठवतो." आम्ही नम्रपणे तेथेच बसून राहिलो. तासाभराने शिक्का मिळाला आणि दैनंदिनीत नोंदही झाली. गावात पोलीस पाटलांना आधीच कळविले होते, ते पंचनाम्याच्या वेळी हजर होते. पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती व जप्तीचे चित्रीकरणही करावयाचे असते. ते झाले की नाही हे पाहावे.

परवान्याचा कागद सापडला तर मार्ग निराळा आणि बराच सुकर आहे. कलम २१ प्रमाणे, ताबा कोणत्याही कारणाने बेकायदा झाला की विनाविलंब हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे आणि पावती घ्यायची. नंतर कायदेशीर वारसाला २०१६ च्या शस्त्र नियमांखाली स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी देतात, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त. नको असेल तर परवाना असलेल्या माणसास विकता येते. ठराविक मुदतीत काहीच केले नाही तर हत्यार सरकारजमा होते. आता एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काने आल्या तरी.

"ती तर गंजून गेली आहे, शोभेची आहे," ही सबब आमच्याही घरात निघाली. कलम ४५ मध्ये जुन्यापुराण्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे खरी, पण दुरुस्त करूनही ज्यातून बार काढता येणार नाही, अशांनाच. लोहाराने दोन दिवसांत चालू करून दिली तर सूट कसली? आणि ते ठरविणार न्यायसहायक प्रयोगशाळेतील तज्ज्ञ, आपण नव्हे. एका नातलगाने तर आम्ही बँकेत म्हणून लॉकरमध्ये ठेवण्याची सूचना केली! लॉकरच्या करारातच बेकायदा व धोकादायक वस्तू ठेवणार नाही असे लिहून द्यावे लागते, हे त्यांना समजावून सांगण्यात आमचा अर्धा तास गेला.

आमच्या बाबतीत पोलिसांनी काकींचा आणि आमचा जबाब घेतला, पुढे दोनदा ठाण्यावर बोलाविले आणि बंदूक तपासणीसाठी पाठविली. आमच्यापैकी कोणावर गुन्हा दाखल झाला नाही. दुसऱ्या कुटुंबाच्या बाबतीत वेगळे घडू शकेल, म्हणूनच वकिलाचा आग्रह. बंदूक ठासलेली होती, हे नंतर ठाण्यावर कळले. भाच्याने चाप चाचपला तो तिचाच. पुतण्या भरतीत निवडला गेला, तेव्हा चारित्र्य पडताळणीच्या वेळी त्याने अर्जाची शिक्का मारलेली प्रत आपणहून सोबत नेली. कोणी ती मागितली नाही.

ती प्रत काकींनी घरपट्टीच्या पावत्यांबरोबर पेटीत ठेवली आहे. माळ्यावर आता फक्त कौले आहेत.