नादारीचा अर्ज

नादारी हा शब्द आमच्या वडिलांच्या पिढीला शाळेमुळे ठाऊक होता. फी भरण्याची ऐपत नसलेल्या मुलाला नादारी मिळे, आणि अमका मुलगा नादारीवर शिकून मोठा झाला असे लोक कौतुकाने सांगत. तोच शब्द कोर्टाच्या पायरीवर गेला की माणसाची मान खाली जाते. 'त्याने दिवाळे काढले' असे शेजारी दबक्या आवाजात बोलू लागतात. शब्द एकच, पण एका ठिकाणी तो सवलतीचा आणि दुसऱ्या ठिकाणी शिवीचा का व्हावा, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

आम्ही वकील नव्हे. शाळा सातवीत सुटली. कायद्याची पुस्तके युनियनच्या कपाटातली, दुसरी पाळी संपवून वाचलेली. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की कर्जात बुडालेला माणूस वकिलाकडे जाण्याआधी पुष्कळदा आमच्या खोलीत येऊन बसतो.

असाच एक टर्नर काही वर्षांपूर्वी आला. त्याच्याबरोबर त्याची बायको होती. कारखान्याला टाळे लागलेले. पतसंस्थेचे कर्ज, एका बँकेचे कार्डावरचे कर्ज, मोबाईलवरून घेतलेली चार-पाच लहान कर्जे, आणि शिवाय तीन सहकाऱ्यांना तो जामीन राहिलेला. एकूण आकडा नऊ लाखांच्या घरात. तो गप्पच होता. बोलली ती बायको. तिने तीन गोष्टी विचारल्या. "भाऊ, ह्यांना पोलीस नेतील का? घरातली भांडीकुंडी बाहेर काढतील का? आणि हे उद्या पोराच्या डोक्यावर बसेल का?"

हे तीन प्रश्न सगळ्यांचेच आहेत, म्हणून त्यांची उत्तरे आधी देतो.

निव्वळ कर्ज थकले म्हणून पोलीस कोणाला नेत नाहीत. कर्ज हा दिवाणी मामला आहे. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी दिवाणी तुरुंगाची तरतूद आजही आहे, परंतु स्त्रियांना त्यासाठी अटक करता येत नाही, आणि ज्याच्याजवळ खरोखरच काही नाही त्याला केवळ गरिबीसाठी तुरुंगात टाकणे घटनेला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगितले. तो निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. ऐपत असून बुडवणारा वेगळा आणि ऐपतच नसणारा वेगळा, हा त्यातला भेद. मात्र एक सावधगिरी हवी. सही करून दिलेला चेक परत गेला तर तो फौजदारी खटला होतो, आणि नादारीचा अर्ज केला म्हणून तो आपोआप थांबत नाही. खाजगी सावकाराला कोरे चेक देणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे.

दुसरे, भांडीकुंडी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादी आहे. ती आम्ही कामगारांना वाचून दाखवतो तेव्हा सभेत चुळबुळ थांबते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीने बाईने अंगावेगळा न करावयाचा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे, शेतकऱ्याचे आणि मजुराचे स्वतः राहते घर, मजुराची मजुरी, आणि पगारदाराच्या पगारातले पहिले हजार रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश. मजूर म्हणजे कुशल कामगारही, असा खुलासा त्याच कलमात आहे. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. परंतु जे घर तुम्ही स्वतः गहाण टाकले ते या यादीने वाचत नाही, आणि पतसंस्थेला पगारातून कपात करण्याची लेखी संमती दिली असेल तर ती कपात मालक करणारच.

तिसरे, पोराचे. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे हा जुना पुत्रधर्म. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जापुरते तरी कोर्ट आता तो मानत नाही. बापाची जी मालमत्ता मुलाकडे येईल तेवढ्यापुरतीच जबाबदारी. मुलाने स्वतः सही केली असेल तर गोष्ट निराळी.

आता नादारी. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांना १९०९ चा कायदा लागू आहे आणि तेथे अर्ज उच्च न्यायालयात होतो. इतरत्र १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. २०१६ साली नवी संहिता आली, तिच्यात व्यक्तींसाठीही एक भाग आहे. पण डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. तुमच्याआमच्यासाठी शंभर वर्षांचा जुना कायदाच अजून चालू आहे. मोठ्यांचे दिवाळे नव्या कायद्याने आणि धाकट्यांचे जुन्या, असा हा मामला.

१९२० च्या कायद्यात अर्जदाराने एवढे दाखवायचे की कर्ज फेडणे शक्य नाही, आणि कर्ज पाचशे रुपये तरी आहे, किंवा वसुलीत अटक वा जप्ती झालेली आहे. सोबत सर्व सावकारांची नावे, पत्ते, रकमा. आपल्याजवळच्या सर्व मालमत्तेची यादी. आणि ती कोर्टाच्या हवाली करण्याची तयारी. कोर्टाने नादार ठरवले की मालमत्ता रिसीव्हरकडे जाते, वर सांगितलेली जप्तीबाहेरची सोडून. तेव्हापासून कोर्टाच्या परवानगीवाचून सावकाराला नवा दावा लावता येत नाही. गहाणदार मात्र आपल्या गहाणावर हात टाकू शकतो. अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मागता येतो. नंतर ठरलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावा लागतो. तो विसरला तर सगळी नादारी रद्द होते, आणि माणूस होता तेथेच येतो.

मुक्तता देताना कोर्ट माणसाचे वागणे पाहते. जुगार, उधळपट्टी, बुडतो आहोत हे कळूनही धंदा रेटणे, हे सारे विचारात येते. मालमत्ता रुपयाला आठ आणेसुद्धा भरत नसेल, तर त्यात आपला दोष नव्हता हे दाखवावे लागते. कारखाना बंद पडला, घरात मोठे आजारपण आले, हे त्या ठिकाणी सांगायचे असते. लाजून झाकायचे नसते. मुक्ततेनंतरही सरकारी देणे, लबाडीने केलेले कर्ज आणि कोर्टाने ठरवलेली पोटगी ही उरतातच. तोपर्यंत नादार माणसाला आमदार-खासदार होता येत नाही. मत मात्र देता येते. आणि नादार असल्याचे न सांगता कोणाकडून पन्नास रुपयांची उधारी घेतली तरी तो गुन्हा आहे. वाण्याकडचे महिन्याचे सामान त्यात सहज बसेल, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या लक्षात आज आणून द्यायला पाहिजे.

जामीनदाराविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आमच्या कामगारवस्तीत निम्मी दुःखे तेथून उगवतात. जामीन राहणे म्हणजे मैत्रीखातर केलेली सही असे आपण समजतो. कायदा समजतो की कर्ज तुमचेही आहे. सावकाराने आधी मूळ कर्जदाराकडे जाऊन मग तुमच्याकडे यावे असा नियम नाही. आणि मूळ कर्जदार नादारीतून सुटला तरी जामीनदार सुटत नाही. आमच्या टर्नरचे नेमके हेच झाले होते. ज्या तिघांना तो जामीन होता त्यांतले दोघे गावी निघून गेले, आणि पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याला कायमचा पत्ता असलेला हाच एक सापडला.

तरीही त्याची गाडी सावरली असती. घोटाळा झाला तो आमच्याकडे येण्याच्या आधी. कोर्टाच्या फाटकापाशी कोणीतरी त्याला सल्ला दिला होता, की राहती खोली मेहुण्याच्या नावाने बक्षीसपत्र करून टाक, मग कोणाला काय सापडणार? त्याने तसे केले. हे त्याने आम्हाला तिसऱ्या भेटीत सांगितले, तेही बायको बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा.

नादारीच्या अर्जाआधी दोन वर्षांत असे फुकट केलेले हस्तांतर रिसीव्हर रद्द करवू शकतो, आणि मालमत्ता लपवणे हा तर गुन्हाच. पण आम्हाला चुटपूट लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. राहती खोली, आणि मालक कुशल कामगार. ती उघडपणे दाखवली असती तर जप्तीतून सुटण्याचा रास्त दावा होता. जी वस्तू कायदा राखू पाहत होता ती त्याने स्वतःच घराबाहेर टाकली. आम्ही मेहुण्याला बोलावले, समजावले, परत लिहून द्यायला तो कबूलही झाला. मग कळले की मधल्या आठ महिन्यांत त्याने त्याच खोलीवर स्वतःच्या धंद्यासाठी कर्ज काढलेले आहे. खऱ्या विश्वासाने पैसे देणाऱ्याचे गहाण असे सहज मोडत नाही.

त्या दिवशी त्या बाईने काही विचारले नाही. पुढच्या आठवड्यात ती एक शाळेची वही घेऊन आली. तीत प्रत्येक सावकाराचे नाव, घेतलेली रक्कम, परत केलेली रक्कम, फोन कोणाचा कधी आला, असे सगळे तिने उतरवून काढले होते. रात्री अकराचे फोन होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत; त्या वहीच्या आधारे तक्रारी झाल्या आणि ते फोन बंद पडले. पुढे अर्जाची यादी केली तीही त्या वहीवरूनच. बक्षीसपत्राची हकीकत तीत पहिल्या पानावर लिहिली.

वकिलाची फी कोठून आणायची हा प्रश्न राहतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. जाताना वही बरोबर असावी.