थोर सनद आणि तिच्यातली दोन कलमे



आपल्यापैकी जे भारतात शाळा शिकून इकडे आले, त्यांना 'मॅग्ना कार्टा' हे नाव आठवत असेल. इंग्लंडचा जॉन राजा, इ. स. १२१५, थोर सनद. सन पाठ करायचा, परीक्षेत लिहायचा आणि विसरून जायचा. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि मुलांना तेवढेच फळ्यावर लिहून दिले. ती सनद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली ती मात्र निवृत्त झाल्यावर. वाचता वाचता दहाव्या कलमाशी थांबले. तिथे 'यहुदी' हा शब्द होता. इतकी वर्षे आपण अर्धाच धडा शिकवला, असे वाटले. राहिलेला अर्धा आज सांगते.

आधी सनद का झाली ते पाहू. जॉन राजाने १२०४ साली फ्रान्समधला नॉर्मंडी प्रांत गमावला. तो परत मिळवण्यासाठी त्याने सरदारांवर कर आणि दंड लादून पैसा गोळा केला. पण १२१४ साली बूव्हिनच्या लढाईत त्याच्या मित्रराजांचा पराभव झाला. पैसा गेला आणि मुलूखही मिळाला नाही. चिडलेल्या सरदारांनी बंड केले आणि मे १२१५ मध्ये लंडन शहर ताब्यात घेतले. नाइलाजाने १५ जून रोजी थेम्स नदीकाठच्या रनिमीड नावाच्या कुरणात राजाने त्यांच्या अटी मान्य केल्या. अटी लॅटिन भाषेत चर्मपत्रावर लिहिल्या गेल्या. राजाने सही केली नाही, त्याची मोहोर लावली गेली. त्या वर्षीच्या चार प्रती आजही शिल्लक आहेत.

सनदेतली कलमे अभ्यासकांनी पुढे मोजली, ती ६३ भरतात. बरीचशी साध्या व्यवहाराची आहेत: वारसाहक्क, विधवांचे हक्क, दारूची आणि धान्याची मापे. पण दोन कलमांनी इतिहास घडवला. ३९व्या कलमात म्हटले आहे की, कोणत्याही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडता येणार नाही, कैद करता येणार नाही, त्याची मालमत्ता काढून घेता येणार नाही. ४०वे कलम सांगते की, न्याय कोणाला विकला जाणार नाही, नाकारला जाणार नाही आणि लांबवलाही जाणार नाही. म्हणजे राजाच्या डोक्यावरही कायदा आहे. आपल्याला हा विचार नवा नाही. तोरामध्ये देवारीमच्या १७व्या अध्यायात राजाने घोडे, बायका आणि सोनेनाणे फार वाढवू नये, नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून ती रोज वाचावी, असे बजावलेले आहे.

आता त्या दोन कलमांकडे येऊ. दहावे कलम म्हणते, यहुद्याकडून कर्ज घेतलेला माणूस वारला आणि वारस अज्ञान असेल, तर तो वयात येईपर्यंत व्याज चढणार नाही. आणि ते कर्ज राजाच्या हाती गेले, तर राजा फक्त मुद्दल घेईल. अकरावे म्हणते, विधवेच्या वाट्यातून असे कर्ज वसूल करायचे नाही आणि अज्ञान मुलांची सोय आधी करायची. विधवेला आणि पोरक्या मुलांना संरक्षण मिळाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कर्ज 'राजाच्या हाती' कसे जात होते?

त्या काळी इंग्लंडमधल्या यहुद्यांना जमीनजुमला आणि बहुतेक धंदे जवळजवळ बंद होते. ख्रिस्ती माणसाने व्याज घेऊ नये, असा चर्चचा नियम होता. त्यामुळे पुष्कळ यहुदी सावकारीत ढकलले गेले. कायद्याने ते राजाचे समजले जात. राजा त्यांना जगू देई, आणि वाटेल तेव्हा पिळून काढी. यहुदी सावकार मेला की त्याच्या येण्यावर राजा हक्क सांगे. १२१० साली जॉनने यहुद्यांना कैद करून त्यांच्यावर प्रचंड कर बसवला. मग राजाची माणसे कर्जदार सरदारांच्या दारात उभी राहत. राग खरा राजावर होता, पण निघाला यहुद्यांवर. लंडनमध्ये शिरलेल्या सरदारांच्या माणसांनी यहुद्यांची घरे लुटली आणि त्याच घरांचे दगड काढून शहराचा तट दुरुस्त केला. न्यायाची सनद मागणाऱ्यांच्याच हातून हे घडले. त्या सनदेत यहुद्याला 'बरोबरीचा' मानणारे एकही वाक्य नाही. अर्थात, जमिनीला बांधलेले लाखो शेतकरीही 'स्वतंत्र माणूस' या शब्दाबाहेरच होते.

पुढे काय झाले? दहा आठवड्यांत पोपने सनद रद्द ठरवली. १२१६ साली जॉन मेला आणि नऊ वर्षांचा हेन्री तिसरा गादीवर आला. त्याच्या पालकांनी सनद पुन्हा जाहीर केली, पण यहुद्यांच्या कर्जाची ती दोन कलमे गाळली. हेन्रीचा मुलगा पहिला एडवर्ड याने १२९७ साली सनदेला कायद्याच्या नोंदीत जागा दिली. त्याच एडवर्डने सात वर्षे आधी, १२९० साली, सगळ्या यहुद्यांना इंग्लंडमधून हाकलून दिले होते. त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षे, १६५६ पर्यंत, तिथे यहुद्यांना उघडपणे राहता आले नाही. कोकणात आपल्या समाजावर अशी वेळ आली नाही, म्हणूनही असेल, हा भाग आपल्या शाळेत कोणी सांगितला नाही.

मग ही सनद टाकाऊ म्हणायची का? मला तसे वाटत नाही. शब्द एकदा लिहिला गेला की पुढच्या पिढ्या त्याचा हिशेब मागतात. १३५४ सालच्या कायद्यात 'स्वतंत्र माणूस' जाऊन 'कोणत्याही दर्जाचा माणूस' असे शब्द आले. १६२८ साली पार्लमेंटने राजाला हीच सनद दाखवून बिनखटल्याच्या कैदेला विरोध केला. १९५० साली अमलात आलेल्या भारताच्या संविधानाचे २१वे कलम 'व्यक्ती'च्या जिवाचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करते. तिथे 'नागरिक' असा शब्दही नाही. आणि इथे आपल्या देशात १९९२ सालच्या मूलभूत कायद्याचे नावच 'कवोद हाअदाम वेहेरुतो' आहे. 'अदाम' म्हणजे माणूस, कोणताही माणूस.

'स्वतंत्र माणूस' पासून 'अदाम' पर्यंत यायला पावणेआठशे वर्षे लागली. आज मी वर्गात उभी असते, तर सन लिहून खडू खाली ठेवला नसता. मुलांना विचारले असते: या सनदेत कोणाची नावे आहेत, आणि कोण बाहेर राहिले? आपल्या नातवंडांनी इतिहासाचे पुस्तक उघडले, की हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. कोणताही नवा कायदा झाला, की आपणही तो विचारावा. बाहेर राहिलेल्यांत कधीकाळी आपणही होतो.