नव्वद बोल्ट आणि एक विमान

आपल्या बेटावरून कुठेही दूर जायचे म्हटले की विमान आलेच. मुले शिकायला जातात, वडीलधारी माणसे तीर्थयात्रेला जातात, आणि घरची मंडळी सुखरूप पोहोचल्याच्या निरोपाची वाट पाहत बसतात. म्हणून बर्मिंगहॅमच्या एका विमानाची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक असावी.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे विमान ८१ प्रवासी व ६ कर्मचारी घेऊन सकाळी बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाला निघाले. ८ वाजून ३३ मिनिटांनी, १७,३०० फुटांवर, कॅप्टन टिम लँकेस्टर यांच्या समोरची काच उडून गेली. विमानात हवा दाबून भरलेली असते. बाहेर मात्र त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. आतली हवा जोराने बाहेर धावली आणि तिने कॅप्टनला खुर्चीतून उचलून कमरेपर्यंत बाहेर नेले.

स्टुअर्ड नायजेल ऑग्डन यांनी धावत येऊन त्यांना घट्ट धरले. ते थकले तेव्हा सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले. कॅप्टन गेले असेच सर्वांना वाटले, तरी कुणी हात सोडला नाही. सहवैमानिक ॲलिस्टर ॲचिसन यांनी विमान झपाट्याने खाली आणले, कारण सर्वांना पुरेल इतका प्राणवायू विमानात नव्हता. श्वास घेण्याजोगी हवा खालीच होती. वाऱ्याच्या गर्जनेत रेडिओवरचे बोलणेही ऐकू येत नव्हते. तरी ८ वाजून ५५ मिनिटांनी विमान साउथॅम्प्टनला उतरले. सर्वजण वाचले, कॅप्टनसुद्धा! त्यांची हाडे मोडली होती, थंडीने अंग गोठले होते; पण पाच महिन्यांच्या आत ते पुन्हा कामावर आले.

असे झाले कसे? सरकारी चौकशीचा अहवाल १९९२ साली आला. उड्डाणाच्या २७ तास आधी, रात्रपाळीत, ही काच नवी बसवली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ जेमतेम पाऊण मिलिमीटरहून कमी, पण बारीकच होते. उरलेले ६ आखूड. बसवणाऱ्याने जुना बोल्ट हातात घेऊन नजरेने जोड शोधला, पुस्तकात क्रमांक पाहिला नाही. दुसऱ्याने ते काम तपासावे असा नियमही नव्हता. काच बाहेरून बसवलेली, त्यामुळे आतला दाब तिला बाहेरच ढकलत होता.

तो माणूस आळशी नव्हता. रात्री जागून काम उरकणारा होता. पण दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. शाळेत आम्ही मुलांना उत्तर पुन्हा ताडून पाहायला सांगतो, ते याचसाठी. आणि विमानात वरून मुखवटा खाली आला, तर आधी स्वतःला लावावा, मग शेजारच्या लेकराला. आपण शुद्धीवर असलो तरच त्याला सांभाळू शकू.