टँकर हलका, तर पाणी जास्त
पारनेरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात टँकरच्या टाकीचे वजन थेट हंड्यात मोजता येते. मालासह गाडीचे एकूण वजन किती असावे, हे कायद्याने ठरलेले. त्यामुळे टाकीचे १०० किलो वाचले, की १०० लिटर पाणी जास्त नेता येते. काचतंतूंनी बळकट केलेले प्लास्टिक, म्हणजे एफआरपी, इथेच कामाला येते. तेवढ्याच आकाराचे पोलाद त्याच्या चौपटीहून जड भरते. मग सगळे टँकर एफआरपीचे का नाहीत? कारण एफआरपी पोलादापेक्षा फार सहज वाकते. भिंत जाड करावी लागते आणि वाचलेले बरेच वजन परत येते. त्यात अर्धी भरलेली टाकी ब्रेक लागताच आतून हिंदकळते. म्हणून आत छिद्रांचे आडवे पडदे हवेतच. खरी परीक्षा पडदा आणि भिंत यांच्या सांध्याची. गंजाची चिंता मात्र नाही.