किंमत लिहून सही करणारा

गृहकर्जाचा अर्ज केला की काही दिवसांत एक गृहस्थ दारात उभे राहतात. लेझर मीटरने खोल्या मोजतात, मोबाईलवर फोटो काढतात, छताला ओल आहे का ते पाहतात, वॉचमनशी दोन शब्द बोलतात आणि निघून जातात. घरच्यांना वाटतं, बँकेचा माणूस येऊन गेला. तो बँकेचा नोकर नसतो, बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर असतो, म्हणजे मूल्यांकनकार. त्याची फी बहुधा कर्जदाराच्याच खिशातून जाते. कर्जदाराला आकडा मोठा हवा असतो, शाखेला कर्जवाटपाचं टार्गेट गाठायचं असतं, बिल्डरला इमारतीचा दर टिकवायचा असतो. आकडा कमी यावा असं त्या वेळी कुणालाच वाटत नाही. कर्ज थकलं की मात्र सगळे त्याच अहवालाचं पान उघडून बसतात. हा व्यवसाय पत्करायचा तर ही कोंडी पहिल्या दिवसापासून ओळखून असावं.

वाट तशी सरळ आहे. सिव्हिल इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनुभव. पदव्युत्तर शिक्षण असेल तर तीन वर्षं पुरतात. मग मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संघटनेचं सभासदत्व, तिथला ५० तासांचा अभ्यासक्रम, आणि आयबीबीआयची, म्हणजे दिवाळखोरी व नादारी मंडळाची, संगणकावरची परीक्षा. १०० पैकी ६० गुण हवेत आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात. ही व्यवस्था कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली २०१७ च्या नियमांनी आली. जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे असे तिचे तीन वर्ग आहेत. त्याआधीची मंडळी संपत्ती कर कायद्याच्या ३४ एबी कलमाखाली नोंदलेली. संपत्ती कर केव्हाच गेला, पण लेटरहेडवरचं ‘३४ एबी’ काही जात नाही. बँका अजूनही ते विचारतात.

परीक्षा पास होणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. हात बसतो तो कुणा जुन्या व्हॅल्युअरकडे पाच-सात वर्षं उन्हातान्हात फिरून. त्यातही सगळ्यात किचकट काम म्हणजे तुलनेसाठी खरे व्यवहार शोधणं. शेजारच्या इमारतीतला फ्लॅट कितीला गेला हे इंडेक्स-टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, दिसतं. पण ती रक्कम खरी कशावरून? मुद्रांक शुल्क खतातली रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य दर, म्हणजे रेडी रेकनर, यांतल्या जास्त आकड्यावर मोजलं जातं. त्यामुळे अनेक खरेदीखतं रेकनरच्या आकड्याला अगदी चिकटून केलेली आढळतात. काही व्यवहारांत उरलेली रक्कम रोखीत फिरते, काही ठिकाणी भाव खरोखरच रेकनरच्या खाली गेलेला असतो. कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो. तेव्हा चार एजंटांशी बोलायचं, सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठायचं आणि त्यांतला कोण कशासाठी फुगवून सांगतोय याचा अंदाज घ्यायचा. नुसता रेकनरचा दर उतरवून अहवाल करणारे आहेत. त्यांना मी व्हॅल्युअर म्हणणार नाही.

गणित शाळकरी असतं, गृहीतं शाळकरी नसतात. समजा, वीस वर्षांचा बंगला आहे. आरसीसी बांधकामाचं आयुष्य साठ वर्षं आणि शेवटी उरणारी किंमत दहा टक्के धरली, तर घसारा तीस टक्के होतो; आज ३० लाखांत उभं राहील असं बांधकाम २१ लाखांवर येतं, त्यात जमिनीची किंमत मिळवायची. भाड्याचं दुकान असेल तर वर्षाचं निव्वळ उत्पन्न घ्यायचं. ते दोन लाख असेल, तर आठ टक्के परताव्याने किंमत २५ लाख होते आणि सात टक्क्यांनी साडेअठ्ठावीस. हा एक टक्का कुठून आणला, हेच उलटतपासणीत वकील विचारतो. पेठांमधल्या अरुंद तोंडाच्या, आत लांबवर गेलेल्या जागांसाठी पट्टे पाडतात: रस्त्यालगतच्या पट्ट्याला पूर्ण दर, मागच्याला दोन तृतीयांश, त्यामागच्याला निम्मा. समोरचा रस्ता विकास आराखड्यात रुंद होणार असेल तर हेच गणित पुन्हा मांडावं लागतं, कारण पूर्ण दराचा पट्टाच रस्त्यात जातो.

या धंद्यातल्या जुन्याजाणत्यांच्या तोंडी एक खटला हमखास असतो, विशाखापट्टणमचा. बंदराच्या परिसरात मलेरियाचा उपद्रव होता. तो आटोक्यात आणण्यासाठी सरकारने एका जमीनदाराची जमीन ताब्यात घेतली. त्या जमिनीत गोड्या पाण्याचा झरा होता. मालक म्हणाला, बंदराला पाणी लागणारच, झऱ्याचेही पैसे द्या. त्यावर उत्तर आलं की ते पाणी घेणारं गिऱ्हाईक बंदराशिवाय कुणी नाही आणि जमीन तर बंदरासाठीच घेतोय, मग झऱ्याची किंमत कसली? प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९३९ मध्ये निकाल लागला: गिऱ्हाईक एकच असलं आणि ते खुद्द जमीन घेणारंच असलं, तरी जमिनीच्या अंगच्या क्षमतेचं मोल द्यावं लागेल. स्वखुशीने विकणारा आणि स्वखुशीने घेणारा यांच्यात जो सौदा ठरला असता, तो कल्पून भाव काढा. महामार्गासाठी जाणाऱ्या शेतात विहीर असते, आंब्याची कलमं असतात, गावठाण हाताच्या अंतरावर असतं, आणि सात-बाऱ्यावर नुसतं ‘जिरायत’ लिहिलेलं असतं. हा निकाल अशा वेळी कामाला येतो.

कधी उलट्या दिशेने चालावं लागतं. २००१ पूर्वी घेतलेलं घर आज विकलं, तर भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. तेव्हाचे मालक गेले, इमारत पाडून टॉवर झाला, तरी तेव्हाचा भाव सांगायचा. म्हणून मुरलेल्या व्हॅल्युअरच्या कपाटात जुन्या रेकनरची पुस्तकं बांधून ठेवलेली असतात. त्या दिवसाचं मुद्रांकमूल्य उपलब्ध असेल तर त्याहून जास्त किंमत धरता येत नाही, अशी वेसणही कायद्याने २०२० साली घातली.

पण फसगत होते ती गणितापेक्षा कागदात. भोगवटादार वर्ग दोनची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. तिला वर्ग एकचा भाव लावला की अहवाल कोसळलाच. पागडीची जागा, भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत, मंजूर नकाशात नसलेला चौथा मजला, हे सगळं नजरेने पकडावं लागतं. अहवालात चतुःसीमेचे दोन रकाने असतात: दस्तऐवजाप्रमाणे आणि प्रत्यक्षात. दस्तात ‘पूर्वेस ओढा’ असावा आणि प्रत्यक्षात पूर्वेला कंपाउंडची भिंत दिसावी, तर एक तर ओढा बुजवलाय किंवा दाखवणाऱ्याने भलताच प्लॉट दाखवलाय. एकमेकांसारखे दिसणारे मोकळे प्लॉट जिथे ओळीने असतात, तिथे दुसरी शक्यता आधी तपासावी.

मिळकतीचं सांगायचं तर सुरुवात रडतखडतच होते. बँकांची फी तुटपुंजी, कामाची घाई फार, आणि पॅनेलवर येण्यासाठी खेटे घालावे लागतात. पुढे वाटणीचे दावे, लवाद, भूसंपादन, दिवाळखोरीतल्या कंपन्या अशी कामं येऊ लागतात, आणि तिथे वयाचा, पांढऱ्या केसांचा उपयोग होतो. २०१७ च्या नियमांतली आचारसंहिता निकालावर अवलंबून असलेली फी घेऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. तिशीतल्या सिव्हिल इंजिनिअरला, ज्याला साइटवरच्या धावपळीचा कंटाळा आलाय पण कागद वाचायचा कंटाळा येत नाही, त्याला माझं सांगणं हेच की घाईने पैसा हवा असेल तर इकडे वळू नका. सावकाश नाव कमवायची तयारी असेल तर सत्तरीपर्यंत चालणारा व्यवसाय आहे.

आणि कर्ज घेणाऱ्या वाचकाला एक विनंती. तुमच्या पैशाने झालेल्या मूल्यांकन अहवालाची प्रत बँकेकडे मागा. किमतीचा आकडा नंतर पाहा, आधी चतुःसीमा, क्षेत्रफळ आणि शेवटच्या पानावरची गृहीतं वाचा.