काचेची बरणी की मातीचे मडके?

आज एका चुकीपासून सुरुवात करू. ती चूक माझीच आहे.

मी सातवीत असताना शाळेच्या मैदानाकडेच्या गवतात आम्हां मुलांना एक नानेटी सापडली. हातभर लांबीचा, अंगावर पिवळसर पट्टे असलेला हा बिनविषारी साप. आम्ही तिला दोन लिटरच्या काचेच्या बरणीत घातले, तळाशी गवत पसरले, झाकणाला खिळ्याने भोके पाडली आणि सर्वांना नीट दिसावी म्हणून बरणी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. मधल्या सुट्टीत पाहतो तो नानेटी मरून पडलेली. कुणी म्हणाले भुकेने गेली, कुणी म्हणाले भीतीने. पुढे पदार्थविज्ञान शिकलो तेव्हा उलगडा झाला. साप आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो. तिला मारले ते उष्णतेने.

हे कसे झाले, ते पाहू. तुमचे-आमचे शरीर बाहेर ऊन असो वा थंडी, ३७ अंश सेल्सियसच्या आसपासच राहते. आपण नियततापी प्राणी आहोत. साप अनियततापी आहे. त्याच्या शरीराचे तापमान परिसराप्रमाणे बदलते. मग तो ते सांभाळतो कसे? जागा बदलून! गार वाटले की उन्हातल्या दगडावर, तापले की बिळात. आमच्या बरणीने तिची हीच सोय काढून घेतली होती.

आता थोडे गणित करू. बरणीची उन्हाकडची बाजू सुमारे १२ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच होती. सकाळच्या चांगल्या उन्हात एवढ्या क्षेत्रावर दर सेकंदाला दहा-बारा ज्यूल ऊर्जा सहज पडते. दोन लिटर हवेचे तापमान १ अंशाने वाढवायला मात्र अडीच ज्यूलसुद्धा लागत नाहीत. पुष्कळसा प्रकाश काचेतून आरपार निघून जातो हे खरे. पण गवत आणि साप यांनी जो शोषला त्याची उष्णता होते. ती अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडू लागली की काच ते किरण अडवते. "पण झाकणाला भोके होती ना?" असे तुम्ही विचाराल. तापलेली हवा वरून निघून जायची तर तिच्या जागी गार हवा यायला खालूनही वाट हवी. ती नव्हती, म्हणून अभिसरण जवळजवळ थांबले.

याउलट मातीचे मडके पाहा. तमिळनाडूत चेन्नईजवळ इरुळा जमातीच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. सर्पदंशावरील प्रतिविष बनविण्यासाठी तेथे सापांचे विष काढतात आणि काही आठवड्यांनी साप पुन्हा रानात सोडतात. तोवर त्यांना ठेवतात ते तोंडाला फडके बांधलेल्या मातीच्या मडक्यांत. मडके सच्छिद्र असते. ओलावा त्यातून पाझरून बाहेर येतो आणि वाफ होताना उष्णता घेऊन जातो. १ ग्रॅम पाण्यामागे सुमारे २,४०० ज्यूल! शिवाय आत अंधार, अंगाला टेकणारी भिंत आणि कात टाकायला उपयोगी पडणारी थोडी आर्द्रता.

तरीही मडके म्हणजे चार दिवसांची धर्मशाळा. कायमच्या घराला दोन टोके लागतात: एक ३० ते ३२ अंशांचे उबदार, दुसरे २५ अंशांच्या आसपासचे गार. दोन्हीकडे लपायला आडोसा हवा. नाहीतर भित्रा साप आडोशासाठी नको त्या तापमानात बसून राहील. खाल्लेले पचवायलाही त्याला ऊब लागते. अंग गार पडले तर तो भक्ष्य ओकून टाकतो.

असे दोन टोकांचे उत्तम घर निसर्गात आहेच. आपल्या नाशिक जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि हिवाळ्यात निफाडला कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. पण जमिनीत अर्धा मीटर खोल गेले की दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक जवळजवळ नाहीसा होतो. उंदराच्या बिळात खोल गारवा आणि तोंडाशी ऊन! हवे ते तापमान सापाने स्वतः निवडायचे.

हे तुम्हांला स्वतः पडताळून पाहता येईल. एक काचेची बरणी आणि एक ओले केलेले मडके घ्या. आत कोणताही प्राणी ठेवू नका. दोन्हींत तापमापक ठेवून वरून फडके बांधा आणि वीस मिनिटे उन्हात ठेवा. दर पाच मिनिटांनी नोंद करून आलेख काढा. नंतर एक लांब खोके अर्धे उन्हात, अर्धे सावलीत ठेवून दोन्ही टोकांची तापमाने मोजा. पुण्याजवळ कात्रजला नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ साली सर्पोद्यान सुरू झाले. सहलीला तेथे गेलात तर साप कोठे बसला आहे आणि त्याला ऊन-सावली कोठे मिळते, हे जरूर पाहा.

घरी साप पाळण्याचा विचार मात्र मनात आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे रानातले साप पकडून बाळगता येत नाहीत. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांत जाणतेसुद्धा फसतात. साप दिसला तर दूर उभे राहा, त्याच्यावर नजर ठेवा आणि मोठ्यांकरवी वनविभागाला किंवा जाणकार सर्पमित्राला कळवा.

त्या दिवशी आम्ही नानेटीला गवतातच राहू दिले असते, तर तिला हवे ते घर तिच्यापाशी होतेच.