नाव मिळायला ४७ वर्षं!

आपल्याकडे कुणालाही नावं ठेवायला दोन मिनिटं पुरतात. या कासवाला मात्र एक नाव मिळायला ४७ वर्षं लागली. १९७५मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात, हेल क्रीकच्या खडकांत त्याचे जीवाश्म सापडले. म्हणजे टी-रेक्सचा शेजारीच! नाव मिळालं थेट २०२२मध्ये : हचेमिस वॉकरोरम.

मऊ पाठीच्या कासवांच्या कवचावर खवले नसतात, चामड्यासारखी कातडी असते. ती कुजून जाते, उरतात खालची हाडं. मग हाडांचा आकार, सांधे, पृष्ठभागावरची नक्षी असं एकेक लक्षण इतर कासवांशी ताडून बघायचं. काम किचकट, पण सगळी गंमत इथेच आहे. याआधीची ‘हचेमिस’ कासवं डायनासोर संपल्यानंतरच्या खडकांतली होती. हे त्याआधीचं निघालं. म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या महासंहारातून हा वंश चक्क तरून गेला!

नावातलं ‘हच’ आलं हॉवर्ड हचिसन या कासव-अभ्यासकावरून, तर ‘वॉकरोरम’ वॉकर कुटुंबावरून. ‘ओरम’ हा लॅटिनमधला अनेकवचनी प्रत्यय. एकट्या वॉकरसाहेबांचा मान असता, तर ‘वॉकेरी’ झालं असतं.